फोर्ट लॉडरडेलच्या चार पोरी : 'व्हेअर द बॉईज आर' (१९६०)

खारेवारे

(पुढे सगळी गोष्ट उघड केली आहे. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा.)

बाहेर बर्फ, आत प्राध्यापिकाबाई मुलामुलींच्या मैत्रीबद्दल पुस्तकी उपदेश करतायत. मेरिट नावाच्या मुलीला ते काही ऐकवत नाही. ती उठून म्हणते, खरा प्रश्न हा की लग्नाआधी संसार मांडून बघावा का. आणि माझं मत विचाराल तर, हो, मांडावा. बाईंचं तोंड बघण्यासारखं होतं. मेरिटची रवानगी थेट डीनसमोर. हे १९६० साली, एमजीएमच्या सिनेमात, सुरुवातीलाच.

बिघडलेल्या मनःस्थितीत मेरिट तीन मैत्रिणींना घेऊन गाडी हाणते ती थेट फ्लोरिडात, फोर्ट लॉडरडेलला. वसंतातली कॉलेजची सुट्टी, वाळू, आणि पोरांचे थवे. दिग्दर्शक हेन्री लेव्हिन, निर्माता जो पास्टरनाक, लांबी शंभर मिनिटांना एक कमी. नाव ऐकलं की लोकांना एक तर कॉनी फ्रान्सिसचं गाणं आठवतं नाहीतर 'ते बीचवरचे पाचकळ सिनेमे' असा शेरा मिळतो. म्हणून हा धागा.

आधी गंमत. टगल (पॉला प्रेंटिस, पहिलाच सिनेमा) ही माझी सगळ्यात लाडकी. उंच, हातपाय कुठे ठेवायचे हे न कळणारी, आणि बोलण्यात सुरी. शिकून मला काय करायचंय, मला तर पोरं काढायचा कारखाना व्हायचंय, तोही कायदेशीर, असं ती इतक्या सरळ चेहऱ्याने सांगते की ती खरंच म्हणतेय की जगाची टर उडवतेय ते कळत नाही. वाटेत अंगठा दाखवून लिफ्ट मागणारा टीव्ही थॉम्सन (जिम हटन) दिसतो. टगल त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळते. तो वरपर्यंत आहे ना, तेवढंच तिला हवं असतं. प्रेंटिस पाच फूट दहा, हटन सहा फूट पाच! एमजीएमला ही जोडी एवढी आवडली की पुढच्या दोनच वर्षांत त्यांना आणखी तीन सिनेमांत एकत्र घेतलं.

मग अँजी, म्हणजे कॉनी फ्रान्सिस, आणि तिचा तो जाड भिंगाचा चष्मा लावणारा, 'डायलेक्टिक जॅझ' वाजवणारा बेझिल. हा फ्रँक गॉर्शिन. पुढे टीव्हीवरच्या बॅटमॅनमध्ये रिडलर झाला तोच. जॅझवाल्यांची इतकी प्रेमळ चेष्टा मी दुसरीकडे पाहिली नाही. आणि क्लबातल्या काचेच्या टाकीत जलपरी होऊन पोहणारी लोला (बार्बरा निकोल्स), तिला बघून खुळावलेला टीव्ही, आणि शेवटी एकामागून एक सगळी मंडळी कपड्यांसकट त्या टाकीत. तो प्रसंग मी आजही थांबवून थांबवून बघते.

आता मुद्दा. चौथी मेलनी (यवेट मिमिओ). वर्गात मेरिट जे बोलते ते ही मनावर घेते. ती एका 'येल'वाल्या पोराच्या नादी लागते, मग त्याच्याच मित्राकडून मोटेलच्या खोलीत तिच्यावर बलात्कार होतो. फाटक्या कपड्यांत, भान हरपून ती भर रहदारीच्या रस्त्यावर चालत जाते आणि गाडीची धडक बसते. जगते, पण इस्पितळातला तिचा चेहरा बघवत नाही.

बऱ्याच परीक्षणांत वाचलं की हा शेवट सिनेमात उपरा वाटतो, चांगल्या विनोदी सिनेमाची माती केली वगैरे. मला अगदी उलटं वाटतं. सिनेमाचा जीव त्याच अर्ध्या तासात आहे. त्याआधी आपण ज्या ज्या गोष्टींवर हसलो, पोरांची घाई, पोरींचे हिशोब, 'कुठपर्यंत जाऊ द्यायचं' ही सततची घासाघीस, त्या सगळ्याची किंमत इथे कोणीतरी मोजतं. ती टाकी आणि तो रस्ता एकाच गावात आहेत, एकाच आठवड्यात.

तुम्हाला काय वाटतं?

पावटा

पहिला!

सिनेमा पाहिलेला नाही, पण टगलवर एक वेगळा धागा काढाच.

रेघोट्या

छान लिहिलंयस खारेवारे, पण निष्कर्षाशी अजिबात सहमत नाही.

'कोणीतरी किंमत मोजतं' म्हणतेस, ते कोण मोजतं हेच तर दुखणं आहे. मेरिट बोलते. श्रीमंत रायडरबरोबर (जॉर्ज हॅमिल्टन, चेहऱ्यावर तेव्हापासूनच तो टॅन) तिची तात्त्विक चर्चा चालते, त्याच्या आजोबांच्या नौकेवर फिरते, आणि ऐनवेळी मागे सरते. ती सुखरूप, प्रेमही मिळालं. मेलनी करते. तिला बलात्कार आणि वर गाडीची धडक. म्हणजे विचार पुढारलेले ठेवा पण वागणं आजीला चालेल असंच ठेवा, हा संदेश नाही तर काय?

शिवाय ज्याने ते केलं त्याचं काय होतं? काहीही नाही. सिनेमा त्याच्याकडे परत वळूनही बघत नाही. टगलला शेवटी टीव्ही परत मिळतो, अँजीला बेझिल, आणि मेलनीला उपदेश. असे सिनेमे 'काळाच्या पुढे' म्हणायची आपल्याला फार हौस असते.

खारेवारे

रेघोट्या, गुन्हेगार मोकळा सुटतो हे शंभर टक्के मान्य, आणि मलाही ते खुपतं. पण 'उपदेश' म्हणशील तर तिला तो करतं कोण? मेरिट तर इस्पितळात उलट स्वतःला दोषी धरते. वर्गात मारलेल्या बाता आठवून तिची बोलती बंद होते. मला तिथे शिक्षा मेलनीला नाही, मेरिटच्या बडबडीला झालेली दिसते.

रेघोट्या

शिक्षा बडबडीला आणि इस्पितळात मेलनी. तेच म्हणतेय मी.

जुनी तबकडी

तुम्हा दोघींच्या भांडणात एक माहिती टाकतो. मूळ कादंबरी ग्लेंडन स्वार्थआऊटची, तीही १९६०चीच. हा गृहस्थ मिशिगन स्टेटला शिकवत होता, आपल्या विद्यार्थ्यांबरोबर फोर्ट लॉडरडेलला जाऊन सगळं डोळ्यांनी बघून आला आणि मग लिहिलं. कादंबरी मेरिटच सांगते, आणि शेवटी दिवस गेलेले असतात ते मेरिटला! मेलनी-बिलनीवर ढकललेलं नाही. शिवाय त्यात पोरं-पोरी क्युबात कॅस्ट्रोच्या क्रांतीला मदत पाठवायच्या खटपटीत असतात. एमजीएमने क्रांती बुडवली आणि परिणाम नायिकेच्या अंगावरून उचलून मैत्रिणीच्या अंगावर टाकले. पटकथा जॉर्ज वेल्सची.

हेज कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याची हॉलिवूडची नियमावली, तेव्हा चालू होता हे विसरू नका. नायिकेला लग्नाआधी दिवस गेलेत आणि तरी ती मजेत आहे, हे पडद्यावर दाखवणं १९६० साली एमजीएमला झेपणारं नव्हतं. पण काळ बघा: त्याच वर्षी अमेरिकेत गर्भनिरोधक गोळीला सरकारी मंजुरी मिळाली. वर्गातला मेरिटचा प्रश्न हवेतून आलेला नाही, तो त्या वर्षीचा ताजा प्रश्न आहे.

म्हणून मी रेघोट्यांच्या बाजूला झुकतो. ही चाल हिशोब करून खेळलेली आहे.

मालतीकाकू

आमच्या घरी हा सिनेमा कुणी पाहिला नव्हता हो, पण गाणं तोंडपाठ होतं. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागायची. थोरल्या बहिणीला कॉनी फ्रान्सिसचं वेड. वडील आले की काटा फिरवून भावगीत. मला तेव्हा गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण 'सम्‌वन वेट्स फॉर मी' पाशी ताईचा चेहरा काही वेगळाच व्हायचा, ते कळायचं.

परवा नातीच्या फोनवर ओळखीचा आवाज आला म्हणून डोकावले तर 'प्रिटी लिटल बेबी'! त्या रील्स का काय ते. म्हटलं, अगं ही आमची. नात म्हणे, आजी, ही ट्रेंडिंग आहे.

जुनी तबकडी

काकू, भारीच! तिच्या शेवटच्या वर्षात ते साठेक वर्षं जुनं गाणं जगभर फिरलं. जुलै २०२५ मध्ये ती गेली, ८७ वर्षांची होती. तोपर्यंत तिच्या कानावर हे कौतुक पोचलं होतं.

या सिनेमाच्या गाण्याचा किस्सा माहीत नसेल तर: कॉनीने हट्ट धरला की शीर्षकगीत नील सेडाका आणि हॉवर्ड ग्रीनफिल्ड यांनीच करायचं. दोघांनी दोन गाणी केली. एक त्यांचं लाडकं, दुसरं त्यांना स्वतःलाच नकोसं. पास्टरनाकने नेमकं नकोसं उचललं. ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि कॉनीने ते जर्मन, इटालियन, स्पॅनिश, जपानी अशा कितीतरी भाषांत परत गायलं. सिनेमातलं ते जॅझ पीट रुगोलोचं. हा माणूस स्टॅन केंटनसाठी संगीत लिहिणारा, म्हणजे अस्सल जॅझवाला. आपल्याच बिरादरीची टर उडवायची तर ती आतल्या माणसानेच उडवावी, त्याशिवाय इतकी नेमकी जमत नाही.

पावटा

निर्मात्याला गाण्यातलं कळत होतं म्हणायचं. दुर्मीळ.

अटलांटिक

मी या गावापासून अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे गावाच्या बाजूने लिहितो.

हे सगळं सुरू झालं पोहण्यापासून. १९३०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठाचा प्रशिक्षक आपल्या जलतरणपटूंना थंडीत इथे सरावाला घेऊन आला. इथे किनाऱ्यालगत ऑलिंपिक आकाराचा तलाव होता, कसीनो पूल म्हणायचे त्याला. मग इतर कॉलेजांचे संघ यायला लागले, १९३८ला रीतसर स्पर्धा आणि शिबिर सुरू झालं. पोहणारे आले, त्यांच्यामागून न पोहणारे आले.

सिनेमाचा पहिला खेळ डिसेंबर १९६० मध्ये इथल्याच गेटवे थिएटरात झाला. त्याआधी वसंतात वीसेक हजार पोरं यायची. १९६१च्या वसंतात पन्नासेक हजार आली. १९८५ला आकडा साडेतीन लाखांच्या घरात! गावाची तेव्हाची वस्ती दीड-एक लाख. हॉटेलच्या बाल्कन्यांतून पडून पोरं मेली. शेवटी नगरपालिकेने किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं बंद केलं, धरपकड सुरू केली, आणि महापौरांनी राष्ट्रीय टीव्हीवर जाऊन सांगितलं की बाबांनो, येऊ नका. १९८९पर्यंत संख्या परत वीस हजारांवर. एमटीव्ही तोवर कॅमेरे घेऊन डेटोना बीचला गेलं होतं, पोरंही तिकडे सरकली.

सिनेमात सुरुवातीला तो पोलीस कप्तान (चिल विल्स) शिपायांना समजावतो बघा, पोरं आपली पाहुणी आहेत, डोकं शांत ठेवा. इथली जुनी माणसं त्या प्रसंगाला हसतात, पण जरा कडवट.

एल्बो रूम हा जुना बार अजून आहे. लास ओलास रस्ता जिथे समुद्राला भिडतो त्या कोपऱ्यावर, १९३८पासून. आतल्या भिंतींवर जुने फोटो, वरच्या मजल्यावर उभं राहिलं की समोर ती नागमोडी पांढरी बुटकी भिंत आणि पलीकडे वाळू. बिअर महाग, गाणी कर्कश. गर्दी आता निवृत्त लोकांची आणि क्रूझवर चढायच्या आधी दोन तास मिळालेल्यांची. त्यांच्या कॅमेऱ्यावरून घरबसल्या किनारा दिसतो, मुंबईतूनही.

रानजाई

अटलांटिक, उत्तम प्रतिसाद. सिनेमाने गावाचं काय होतं याचं आपलं उदाहरण म्हणजे शापोरा किल्ला. 'दिल चाहता है' (२००१) आल्यापासून तो किल्ला त्या सिनेमाच्याच नावाने ओळखला जातो. संभाजी महाराज, औरंगजेबाचा मुलगा अकबर, पोर्तुगीज, कोणाला काही पडलेली नाही, तटावर तिघांनी बसून फोटो काढायचा की झालं.

पावटा

माझाही आहे तसा फोटो. चौघांचा. एक जास्त होता.

कोरा कागद

एक प्रश्न. सिनेमाभर एवढी गर्दी दाखवलीय, त्यात एकही काळा चेहरा नाही हे कुणाला खटकलं नाही? की १९६०चं हॉलिवूड म्हणून सोडून द्यायचं?

अटलांटिक

कोरा कागद, बरं झालं विचारलंत. हॉलिवूड म्हणून सोडून देता येणार नाही, कारण तो किनाराच काळ्या माणसांना बंद होता. काउंटीने त्यांच्यासाठी दक्षिणेला डेनियाजवळ वेगळा किनारा नेमून दिला होता, आणि तिकडे जायला धड रस्ता नव्हता. होडीने जायचं. रस्ता करून देऊ हे आश्वासन वर्षानुवर्षं लटकलेलं.

सिनेमा लागून सहा-सात महिने झाले असतील. ४ जुलै १९६१, स्वातंत्र्यदिनाच्या दिवशी, युला जॉन्सन आणि डॉक्टर व्हॉन मिझेल काही तरुण मुलांना घेऊन लास ओलासच्या किनाऱ्यावर आले आणि सरळ पाण्यात उतरले. तोच कोपरा! एल्बो रूमच्या समोरचा. त्या उन्हाळ्यात ते पुन्हा पुन्हा उतरले, प्रत्येक वेळी माणसं वाढत गेली. शहराने त्यांना थांबवण्यासाठी कोर्टात दावा लावला. १९६२ मध्ये न्यायाधीशाने शहराची मागणी फेटाळली आणि किनारा सगळ्यांना उघडला. होडीने जायचा तो डेनियाचा किनारा आता या दोघांच्याच नावाचं राज्य उद्यान आहे, २०१६पासून.

आम्ही पोरांना घेऊन तिथेच जातो. झाडी आहे, सावली मिळते, आणि डबा खायला बाकं आहेत.

कोरा कागद

आभार. आता ती गर्दीची दृश्यं परत बघायला हवीत.

खारेवारे

हे मला अजिबात माहीत नव्हतं, अटलांटिक. खास धन्यवाद. मूळ लेखापेक्षा प्रतिसाद भारी, हे या कट्ट्याचं नेहमीचंच.

सांजसावली

कुणीच कसं लिहिलं नाही की मेरिट पुढे नन झाली!

म्हणजे डोलोरेस हार्ट. पडद्यावर एल्व्हिस प्रेस्लीची नायिका (१९५७चा 'लव्हिंग यू', मग 'किंग क्रिओल'), तिच्याकडे लोक ग्रेस केलीची वारस म्हणून बघत होते. १९६३ मध्ये, वय २४, लग्न ठरलेलं, नव्या सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी न्यूयॉर्कला आली होती आणि तिथून कनेटिकटमधल्या बेथलेहेम गावातल्या मठात निघून गेली. रेजिना लॉडिस असं मठाचं नाव. बेनेडिक्टाइन पंथ, लॅटिनमधून प्रार्थना, गाईम्हशी... म्हशी नसतील, पण शेती आणि गोठा आहे. २००१ला ती तिथली प्रायोरेस (मठातलं वरचं पद) झाली. आणि मठात राहूनही ऑस्करसाठी मत देते! २०१२ मध्ये तिच्यावरचा छोटा माहितीपट ऑस्करच्या नामांकनात होता.

ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो डॉन रॉबिन्सन. त्याने कधीच लग्न केलं नाही. दरवर्षी मठात तिला भेटायला जायचा, २०११ला जाईपर्यंत.

आता हे डोक्यात ठेवून तो वर्गातला प्रसंग बघा. 'लग्नाआधी संसार मांडावा' म्हणणारी ती मुलगी आणि तीन वर्षांनी मठाच्या दारात उभी असलेली ती मुलगी. मला त्यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे ती बाई दुसऱ्याने आखलेल्या रेषेवर चालायला तयार नाही.

रेघोट्या

सांजसावली, मठात रेषा कमी असतात असं म्हणायचंय का? :) पण निवडलेली रेषा वेगळी, हे मान्य.

आणि कॉनी फ्रान्सिसबद्दल एक लिहायचं टाळत होते, पण लिहितेच. १९७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ एका मोटेलच्या खोलीत शिरून एकाने तिच्यावर बलात्कार केला. गुन्हेगार कधीच सापडला नाही. ती कित्येक वर्षं मंचावर उभी राहू शकली नाही. तिने मोटेलवर दावा लावला, खोलीचं दार नीट बंदच होत नव्हतं हे सिद्ध झालं, आणि ज्यूरीने तिला २५ लाख डॉलर्सची भरपाई दिली. त्यानंतर तिकडच्या हॉटेलांनी दारांच्या कड्याकुलपांकडे गांभीर्याने बघायला सुरुवात केली.

मोटेलच्या खोलीवरचा सिनेमा जिने गाऊन घराघरात पोचवला, तिच्याबाबतीत हे. सिनेमाने न विचारलेला प्रश्न, म्हणजे दार कोणी उघडं ठेवलं, तो तिने कोर्टात विचारला.

खारेवारे

रेघोट्या, मुद्दा घेतला. शेवट सिनेमात उपरा नाही या मतावर मी अजून ठाम आहे, पण तो अपुरा आहे हे तू आणि तबकडींनी पटवून दिलंत. मेलनीला एक तरी पूर्ण वाक्य रागाचं द्यायला हवं होतं. यवेट मिमिओला ते पेललंही असतं. अठराएक वर्षांची मुलगी, आणि त्या रस्त्यावरच्या प्रसंगात एक शब्द न बोलता ती बाकी सगळ्यांना खाऊन टाकते.

तिरफळ

उशिरा आलो. काल रात्री बायकोबरोबर बघितला. बायकोची टाकीच्या प्रसंगाला हसून हसून पुरेवाट, मग मेलनीचं झाल्यावर उठून गेली. परत आली तेव्हा शेवट चालू होता: सुट्टी संपलेली, किनारा रिकामा, मेरिट आणि रायडर. तिचं म्हणणं, रायडर मेरिट-मेलनी दोघींना गाडीने कॉलेजला सोडतो म्हणतो, हे सिनेमातलं एकमेव उपयोगी प्रेमाचं वाक्य.

मला स्वतःला बेझिल आवडला. बाकीची पोरं सुट्टीभर मुलींच्या मागे, हा भिंगातून फक्त आपल्या सुरांकडे बघतो, आणि तरी अँजीला तोच हवा.

पावटा

शेवटी बघितला बुवा. टगलवरच्या धाग्याची मागणी पुन्हा नोंदवतो. आणि १९८४ मध्ये याचा रिमेक आलाय, तो कुणी बघितलाय का? बघावा का?

जुनी तबकडी

नको.